आधी पोलीस ठाणे की आधी रुग्णालय?

लैंगिक अत्याचारानंतर घरातले बहुतेकदा पोलीस ठाण्याचेच नाव काढतात, आणि त्या धास्तीने बाई कुठेच जात नाही. खरे तर थेट रुग्णालयात जाता येते. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय असो की एखादे खासगी, तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. नाकारणे हा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण सज्ञान स्त्रीला तक्रार करायची नसेल तर तसे लिहून देता येते आणि उपचार अडत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांबाबत मात्र पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच.

घाई हवी ती औषधांसाठी. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळीही जितक्या लवकर तितकी बरी. तपासणीचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. पण अंघोळ झाली म्हणून जाणे टाळू नये. ‘टू फिंगर टेस्ट’ करणे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहे.

इगतपुरीत घडलेल्या घटनेची नोंद नाशिक शहरातल्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ म्हणून होते. जबाब महिला अधिकारी घेते, पीडितेला हवा तिथे, अगदी घरीसुद्धा.

‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न जुना आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, हेही एक कारण धरून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. हाच मथुरा खटला. कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आज केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती, असे धरता येत नाही. भीतीने शरीर गोठते, घटनाक्रम तुटक आठवतो. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही, नातेवाइकांना मात्र वाटते.

सावरायला वेळ लागतो. झोप उडणे, दचकणे, अचानक चिडणे महिनोन्‌महिने चालू शकते, आणि समुपदेशनाने ते कमी होते. गुन्हा नोंदल्यावर राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून (2013 पासून) अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तक्रारीचा निर्णय झाला नसला, तरी 181 या महिला हेल्पलाइनवर बोलता येते.