औषध मुळाशी कसे न्यावे?

श्रोतेहो, आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ. पूर्वी त्यांना पाटाने पाणी देत. ते वावरभर पसरे, मुळाशी थोडेच मुरे. आता ठिबकने ते थेट मुळाशी पडते. कर्करोगाच्या औषधाचे पुष्कळसे असेच आहे.

शिरेतून दिलेले औषध अंगभर फिरते. गाठीत त्यातले थोडेच उतरते. बाकीचे निरोगी पेशींना जाच करते. म्हणून केस गळतात, ओकाऱ्या होतात. यकृताच्या, म्हणजे कलेजीच्या कर्करोगात अडचण आणखी मोठी. ते यकृत बहुधा आधीच खराब झालेले असते, त्याला औषधाची मोठी मात्रा सोसत नाही.

मग औषध गाठीतच उतरवता येईल काय? सोनोग्राफीचे यंत्र आपण पाहिले असेल. सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. हे यंत्र तर दहा लाखांहून अधिक कंपनांचा ध्वनी पोटात सोडते. त्याच वेळी शिरेतून औषध आणि वायूचे सूक्ष्म बुडबुडे द्यायचे. बुडबुड्यांवर मेदाचे पातळ कवच असते. रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही ते बहुधा लहान, म्हणून बारीक रक्तवाहिनीतूनही सहज जातात. ध्वनी लागला की ते फुगतात, आकसतात. जोर वाढला तर फुटतात. त्या हादऱ्याने रक्तवाहिनीच्या भिंतीत काही काळ फटी पडतात आणि औषध आत झिरपते. ध्वनीचा रोख गाठीवर, म्हणून फटीही तेथेच. वायू पुढे श्वासावाटे निघून जातो.

नॉर्वेत बर्गेन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १० रुग्णांवर हा उपाय करून पाहिला. २०१६ साली निष्कर्ष छापले गेले. निम्मे रुग्ण १७.६ महिन्यांपलीकडे जगले. नुसते औषध घेतलेल्या आधीच्या रुग्णांत हा काळ ८.९ महिने होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला यकृताच्या गाठीवर किरणोत्सारी उपचारांच्या जोडीला बुडबुडे वापरले गेले. मुंबईच्या आय. आय. टी.त रिंटी बॅनर्जी यांनीही औषधाच्या मेदपिशव्या बुडबुड्यांना जोडण्याचे काम केले. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले.

पण दहा रुग्णांवरून उपाय सिद्ध होत नाही. गाठ स्पष्ट दिसावी म्हणून डॉक्टर असे बुडबुडे वापरतात. त्यांनी औषध आत घालणे मात्र अजून प्रयोगातच आहे. ‘बुडबुड्यांनी गाठ विरघळवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर शेत गहाण टाकू नका. आधी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात विचारा.

आणि हातातले उपाय सोडू नका. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ‘बी’ची लस टोचून घ्या. बुरशी आलेले शेंगदाणे व मका खाऊ नका. त्या बुरशीचे विष यकृतात कर्करोग करते. दारू टाळा. जुनी ‘बी’ किंवा ‘सी’ कावीळ असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. गुरुजींनी एवढे जरी वर्गात सांगितले, तरी ते घरोघर पोचेल.