तहानेचा हिशेब

घसा कोरडा पडणे ही तहानेची सर्वांत ठळक खूण असल्यामुळे तहान घशालाच लागते, असे सहज मानले जाते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीही १९१८ मध्ये हेच मत मांडले होते. परंतु १९५०च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनमधील बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भूक, तहान आणि शरीराचे तापमान यांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या तळाकडील लहानशा भागात, खारट द्रावण अत्यल्प प्रमाणात सोडले, तेव्हा पाण्याची तूट नसतानाही त्या शेळ्या भराभर पाणी पिऊ लागल्या.

या भागात आणि त्याच्या आसपास असलेल्या काही चेतापेशी रक्ताचा खारटपणा सतत अजमावत असतात. रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली, तरी या पेशींमधील पाणी बाहेर ओढले जाऊन त्या किंचित आकसतात, आणि या आकसण्यातूनच तहानेची जाणीव उत्पन्न होते. तहान जाणवण्याच्या थोडे आधीच व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे रसायन, अधिक प्रमाणात स्रवू लागलेले असते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता सर्व रक्तात परत घेतात. व्हॅसोप्रेसिनमुळे हे परत घेणे आणखी वाढते, म्हणूनच पाणी कमी पडले की लघवी थोडी आणि गडद पिवळी होते.

तहान भागण्याची रीत याहूनही विलक्षण आहे. प्यायलेले पाणी आतड्यांतून रक्तात पुरेसे मिसळण्यास बराच वेळ लागतो, तरीही तहान मिनिटभरातच ओसरू लागते, कारण तोंड, घसा आणि अन्नमार्ग यांकडून आलेल्या संदेशांवरून मेंदू येऊ घातलेल्या पाण्याचा अंदाज आधीच बांधतो.

भर उन्हात कष्ट करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा अंदाज चुकू शकतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते, पण घामाबरोबर मीठही जाते. अशा वेळी नुसतेच पाणी प्यायल्यास रक्त लवकर पातळ होते आणि तूट भरून निघण्यापूर्वीच तहान थांबते. मीठ आणि गूळ घातलेल्या कैरीच्या पन्ह्याचे मोल येथे कळते, कारण लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही आत येते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांना साखर-मिठाचे द्रावण पाजून वाचवले.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे घरातील वृद्धांना मागण्याची वाट न पाहता पाणी देत राहावे लागते. पण उसाच्या फडात किंवा बांधकामावर राबणाऱ्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत जाणीव शाबूत असते. जवळपास शौचालय नसल्यामुळे त्या लागलेली तहान जाणूनबुजून मारतात, आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा व मुतखड्याचा धोका पत्करून दिवस काढतात.