जुना गिअरबॉक्स घ्यावा का? चार गिअरच्या मारुती 800चा हिशेब

वडिलांची नव्वदच्या दशकातली मारुती 800 तुम्ही हौसेने पुन्हा उभी करायला घेतली आहे. पत्र्याचं काम झालंय, इंजिन ठीक आहे. पण गाडीला गिअर चारच. हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की इंजिन किंचाळायला लागतं. मग कोणीतरी सांगतं, ‘कुर्ल्याला पाच गिअरवाल्या 800चा गिअरबॉक्स मिळतो, बसवून टाक.’ समजा, दुकानदाराने सहा हजार सांगितले. घ्यायचा का?

पाच गिअरची 800 साधारण 2000च्या सुमारास आली आणि या गाडीचं उत्पादन 2014 साली थांबलं. त्यामुळे माल मिळतो, हे खरं. प्रश्न फायदा किती, हा आहे.

800चं 12 इंची चाक ताशी 80 किलोमीटरला मिनिटाला साधारण 840 फेरे घेतं. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे, समजा, 3.9 फेरे होत असतील, तर इंजिन मिनिटाला 3,280 फेऱ्यांवर चालेल. नव्या बॉक्समध्ये तोच आकडा 3.3 असेल, तर 2,770 वर. हा फरक कानाला नक्की कळतो. पण आकडा 3.7 निघाला, तर एवढा खटाटोप कशासाठी?

हे दुकानात हाताने मोजता येतं. सर्वांत वरचा गिअर टाका. ड्राइव्हशाफ्टची एक बाजू घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या बाजूला खडूची खूण करा. ती बाजू दोन फेरे पूर्ण करेपर्यंत इनपुट शाफ्टचे फेरे मोजा. दोन यासाठी, की एक बाजू अडवली की डिफरन्शियल दुसरीला दुप्पट फिरवतं. जो आकडा येईल, तो वरच्या हिशेबात घाला. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

मग बसण्याचा प्रश्न. तुमची क्लचप्लेट सोबत न्या आणि इनपुट शाफ्टच्या खाचांवर सरकवून बघा. इंजिनला जोडणाऱ्या बोल्टची भोकं, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्टची टोकं, गिअर लिव्हरची जोडणी आणि स्पीडोमीटरची केबल हे सगळं जुळायला हवं. जे जुळत नाही ते त्याच गाडीचं, त्याच दिवशी मागून घ्या. एकेक तुकडा नंतर शोधायला निघालात, तर गाडी महिनोन्महिने ठोकळ्यांवर उभी राहते.

आता आतली अवस्था. गिअरबॉक्स अजून चालत्या गाडीतच असेल, तर नशीब समजा. गाडी चालवून बघा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना करकर झाली, तर सिंक्रोनायझरची कडी झिजली आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निसटत असेल, तर घेऊच नका. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग बहुधा इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. तो स्वस्तात बदलतो, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका.

बॉक्स जमिनीवर ठेवलेला असेल, तर सिंक्रोनायझर तपासता येत नाही. हाताने फिरवताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. अशा वेळी ऑइल बोलतं. खालचा बोल्ट काढून थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. राखाडी, मऊ चिखल ही नेहमीची झीज. सोनेरी चकाकी बरीच असेल, तर पितळी कड्या झिजताहेत. लोखंडाचा कण नखाला टोचला, तर दात तुटलाय. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी. आणि ऑइलच नाही, वर बाहेरून चकचकीत चंदेरी रंग? माझा अनुभव असा, की असा बॉक्स तिथेच ठेवावा. बोल्टच्या कानांजवळ वेल्डिंगची खूण आहे का, हेही टॉर्च मारून बघा.

दुकानदार म्हणतो, ‘चालला नाही तर बदलून देतो.’ तो देईलही. पण बॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी तुमची, दोन्ही वेळची. त्यामुळे सहा हजारांत क्लचसेट, ऑइल सील, नवं ऑइल आणि मजुरी मिळवा, मग त्या रकमेत तुमच्याच चार गिअरच्या बॉक्सची बेअरिंग आणि कड्या बदलून होतात का, हे मेकॅनिकला विचारा. गाडी मुख्यतः गावातच फिरणार असेल, तर मी हाच मार्ग धरेन. महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करायचं असेल, तर पाचव्या गिअरसाठी खर्च करायला हरकत नाही.

घेतलात तर पक्कं बिल आणि ज्या गाडीतून बॉक्स निघाला तिच्या आरसीची झेरॉक्स मागा. गिअरबॉक्सचा नंबर सहसा आरसीवर नसतो, म्हणूनच चोरीच्या गाडीचा माल सहज खपतो. चोरीचा माल माहीत असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. कागद द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या दुकानात जा.