एसीच्या नळीतला एक किलो

१९६०च्या दशकाच्या मध्याला सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर कारखान्यात एक तरुण इंजिनिअर नोकरीला लागला. यंत्रातला गॅस कुठून गळतो हे शोधायचे आणि गळती थांबवायची, हे त्याचे काम. गॅस होता फ्रीऑन, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन किंवा सीएफसी. त्या इंजिनिअरचे नाव वीरभद्रन रामनाथन. पुढे अमेरिकेत जाऊन ते वातावरणशास्त्रज्ञ झाले आणि १९७५ साली त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की उष्णता अडवण्यात सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपेक्षा दहा हजार पटींहून भारी पडतो. तोवर तापमानवाढीच्या हिशोबात प्रामुख्याने कोळसा आणि तेल यांच्या धुराचाच विचार होत असे.

इतका इवलासा रेणू एवढा उपद्रव कसा करतो? तापलेली पृथ्वी आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात सोडते. यातल्या बऱ्याच किरणांना वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वाटेतच अडवतात. मात्र साधारण ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात हे दोघेही फारसे शोषण करत नाहीत, त्यामुळे तिथून उष्णता निसटते. शास्त्रज्ञ या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध नेमका याच पट्ट्यातले किरण शोषतो. म्हणजे जी एक वाट मोकळी होती, तिच्याच तोंडाशी हा गॅस जाऊन बसतो.

तापमानवाढीविषयी बोलताना दर वेळी एक वाद निघतो. एका माणसाने दिवे-पंखे बंद करून काय होणार, जे करायचे ते सरकारांनी आणि कंपन्यांनी करावे, असे एक बाजू म्हणते. सुधारणा स्वतःपासून हवी, असे दुसरी. या वादाचे उत्तर मला सीएफसीच्या इतिहासात सापडते, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’मध्ये इशारा दिला, की सीएफसी वर स्थितांबरात पोचून ओझोनचा थर खातो. त्या काळी हा गॅस फ्रिजपुरता नव्हता. अंगाला मारायच्या, केसांना मारायच्या स्प्रेच्या डब्यांतही तोच असे. ओझोनचे छिद्र तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते. तरीही अमेरिकेतल्या असंख्य ग्राहकांनी असे डबे घेणे सोडले. जून १९७५ मध्ये जॉन्सन वॅक्स या कंपनीने आपल्या स्प्रेंमधून सीएफसी काढत असल्याचे जाहीर केले. ओरेगॉन राज्याने बंदीचा कायदा केला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अनावश्यक स्प्रेंमधला सीएफसी देशभर बंद केला. अंटार्क्टिकावरच्या ओझोनची धक्कादायक घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली ती १९८५ साली. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. गरीब देशांना नवे तंत्रज्ञान परवडावे म्हणून श्रीमंत देशांच्या पैशातून एक निधी उभा राहिला आणि कालांतराने जगातला प्रत्येक देश या करारात आला. भारताने १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसीचे उत्पादन थांबवले.

यात पहिले पाऊल ग्राहकाचे होते. पण कायदा आला नसता तर ते तिथेच विरले असते. कायद्यामुळे कारखाने पर्याय शोधू लागले, निधीमुळे ते पर्याय गरीब देशांपर्यंत पोचले. हा करार झाला नसता तर शतकाअखेर पृथ्वी आणखी सुमारे अडीच अंशांनी तापली असती, असा अंदाज २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. करार ओझोनसाठी केला होता, पण हवामानाला वाचवण्यातही त्याच्या तोडीचे काम फार थोड्या करारांनी केले असेल.

दुखणे मात्र पुरते गेलेले नाही. सीएफसीच्या जागी शेवटी जे गॅस आले, त्यांना एचएफसी म्हणतात. ओझोनला ते धक्का लावत नाहीत. उष्णता मात्र तेही जोमाने अडवतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेल्या अनेक एसींमध्ये आर-४१०ए हा गॅस आहे. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० किलोंइतकी उष्णता अडवतो. अलीकडच्या एसींमध्ये आर-३२ असतो. त्याचा आकडा ६७५. मुंबईच्या गोदरेजने २०१२च्या सुमारास भारतात आर-२९० हा गॅस, म्हणजे चक्क प्रोपेन, वापरणारे एसी आणले. त्याचा आकडा पाचाच्याही आत आहे. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने तो थोड्याच प्रमाणात भरतात आणि यंत्राला हात लावणारा माणूस प्रशिक्षित असावा लागतो. आपल्याकडच्या अनेक नव्या फ्रिजमध्ये आता त्याच जातीचा आयसोब्युटेन असतो.

या एचएफसींचा वापर घटवण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात माँट्रियल कराराला जोड दिली गेली. तिचे नीट पालन झाले तर शतकाअखेरपर्यंत जवळपास अर्ध्या अंशाची वाढ टळू शकते. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपली पहिली कपात २०३२ साली १० टक्क्यांची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

पण हा करार बंधन घालतो ते गॅस बनवण्यावर आणि बाजारात आणण्यावर. आज भिंतीवर टांगलेल्या यंत्रांत जो गॅस आधीच भरलेला आहे, तो हवेत जाऊ न देणे हे देशांच्या नियमांवर आणि शेवटी यंत्र उघडणाऱ्या हातांवर अवलंबून राहते.

दीड टनाच्या घरगुती एसीत साधारण एक किलोच्या आसपास गॅस असतो. तो बंद तांब्याच्या नळीत फिरतो आणि कधीच ‘संपत’ नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळालाच आहे. तरी दर उन्हाळ्यात घरोघरी ‘गॅस टॉप-अप’ होते. गळती बहुधा बाहेरच्या युनिटला नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी असते. साबणाचे पाणी लावले की तिथे बुडबुडे धरतात. ते न पाहता नुसता गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोही हवेत.

घर बदलताना याहून वाईट घडते. नळी सोडवण्याची घाई असते, पाना फिरतो, फुस्स आवाज येतो आणि सगळा गॅस निघून जातो. एक किलो आर-४१०ए असा सोडणे म्हणजे सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके नुकसान. ते टाळायला महागडे यंत्र लागत नाही. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालू ठेवायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मेकॅनिक याला ‘पंप डाऊन’ म्हणतात आणि बहुतेकांना ते येते. भर उन्हात, सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकून, ठरावीक मजुरीत दिवसाला अनेक घरे उरकणाऱ्या त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पंप डाऊनला लागणाऱ्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही, हे खरे कारण आहे. यंत्र भंगारात जाते तेव्हाही तसेच: भंगारवाल्याला तांब्याचा भाव मिळतो, गॅसचा मिळत नाही. वसूल केलेल्या गॅसला भाव देणारी व्यवस्था उभी राहिली, तर हे चित्र लवकर बदलेल.

पैशाचे गणित बदलले की काय होते, ते एलईडी दिव्यांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. सरकारी योजनेने घाऊक खरेदी सुरू केली आणि २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या खाली आला. मग कोणालाही वीजबचतीचे धडे द्यावे लागले नाहीत. ७०-७५ वॅटच्या जुन्या पंख्याचे काम तीसेक वॅटमध्ये करणारे बीएलडीसी पंखे आज बाजारात आहेत. त्यांनाही अशीच घाऊक खरेदी हवी.

थंडावा एसीतूनच मिळतो असेही नाही. विदर्भात वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, कारण तिथली कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो कुचकामी. तिथे पंखा लावून एसी २६ अंशांवर ठेवणे शहाणपणाचे. तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. गच्चीला पांढरा चुना दिला तर वरच्या मजल्याच्या खोल्या निवतात. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच केले. महाराष्ट्रातल्या महापालिकांनी नव्या बांधकामांना अशी अट घालायला हरकत नसावी.

आणि एक काम उन्हाळ्याआधी करण्यासारखे आहे. गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, दवाखाने, पतपेढ्या यांचे एसी देखभालीचे वार्षिक करार उन्हाळ्याच्या तोंडावर होतात. त्यात दोन अटी लिहून घ्या: गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरायचा नाही, आणि यंत्र हलवताना पंप डाऊन करायचे. त्याची वेगळी मजुरी करारातच धरा आणि ती मेकॅनिकच्या हातात पडेल असे पाहा.