व्यवसाय, शर्यत आणि वैद्य

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंपैकी एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ साली त्यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय संघ होय.

जालना जिल्ह्यातही पोलाद कारखान्यातील पाळी वा मोंढ्यातील व्यवहार सांभाळून शर्यतीची तयारी करणारा हौशी सायकलपटू आपल्याकडे थकव्याची तक्रार घेऊन येऊ शकतो. त्याला बल्य औषध देण्यापूर्वी निद्रेची चौकशी करावी, असे आम्हांस वाटते. वाग्भटाचार्यांनी बलवानासही शीतकाळ व वसंतात अर्धशक्तीने, अन्य ऋतूंत त्याहून अल्प व्यायाम सांगितला आहे. जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी निद्रा घ्यावी, हेही त्यांचेच मत.

औषधविक्रेत्यांनी स्पर्धकास अग्नितुंडी वा विषतिंदुक वटी परस्पर देऊ नये. त्यांतील कुचल्यातले स्ट्रिक्निन शोधनानंतरही पूर्णतः जात नाही आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते स्पर्धाकाळात निषिद्ध ठरविले आहे. नोकरी सांभाळून केलेली वर्षभराची मेहनत अजीर्णाच्या एका गोळीने बाद होऊ शकते. म्हणून औषध देण्याआधी स्पर्धेची तारीख अवश्य विचारावी.