जागा बदलणारे अणू

पनवेलहून अलिबागला जायचे तर कर्नाळा खिंड लागते. या वाटेच्या एका टोकाला, नवीन पनवेलात, भारतीय भूचुंबकत्व संस्था. दुसऱ्या टोकाला तिची अलिबागची वेधशाळा. ती तिकडे गेली मुंबईच्या ट्रामपायी. ट्रामगाड्या विजेवर धावू लागल्या की कुलाब्याची चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागेत लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात वेधशाळा उभी राहिली. गोंगाट नको, तर लांब जा.

क्वांटम संगणकाला ही सोय नाही. त्याचा क्युबिट, म्हणजे माहितीचे एकक, कधी कधी एकुलता एक अणू असतो. लेझरचा बारीकसा चढउतारही त्याची अवस्था ढळवतो. तीन प्रती काढून बहुमत घ्यावे, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची प्रत निघतच नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. पीटर शोर यांनी १९९५ मध्ये तोड काढली: एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत पसरायची आणि ती न वाचता, त्यांचे आपसात जुळते का एवढेच तपासायचे.

ही तपासणी महाग पडते. सुपरकंडक्टिंग चिपवरचा क्युबिट जागचा हलत नाही. त्याचा व्यवहार बहुधा शेजाऱ्यांशीच. हार्वर्डमधल्या मिखाईल लुकिन यांच्या गटाने रुबिडियमचे अणू निर्वातात लेझरच्या चिमट्यांनी धरले आणि चिमटेच सरकवले. स्फटिकातून ध्वनिलहर सोडली की प्रकाश वळतो; लहरीची वारंवारता बदलली की अणूंची अख्खी रांग सरकते. साठवणीची, जोडणीची, वाचनाची जागा निराळी. दोन तार्किक क्युबिटांची, म्हणजे अनेक अणूंत पसरलेल्या दोन क्युबिटांची, गाठ घालायची तर अणूंचा एक गट दुसऱ्या गटाशी नेऊन भिडवायचा, आणि एकाच झोतात सगळ्या जोड्यांवर क्रिया करायची. या गटातला अणू त्या गटातल्या आपल्या जोडीदारालाच भेटतो, त्यामुळे एकाची चूक स्वतःच्या गटात पसरत नाही. मला या यंत्राची खरी करामत इथे दिसते.

गाजला मात्र २०२३ मधला ४८ तार्किक क्युबिटांचा आकडा. तो १२८ अणूंतून आला, पण तिथली सांकेतिक रचना चूक ओळखणारी होती, दुरुस्त करणारी नव्हे. बिघडलेल्या फेऱ्या बाजूला काढल्या जात.

शिवाय हलवाहलवीत वेळ जातो. चिपवरची क्रिया काही डझन नॅनोसेकंदांत उरकते. अणूंच्या एका स्थलांतराला शेकडो मायक्रोसेकंद लागतात. अणू निसटतातही. २०२५ मध्ये त्याच गटाने नवे अणू भरत राहून ३,००० क्युबिटांची मांडणी दोन तासांहून अधिक काळ चालती ठेवली.

उरतो चूक कुठे झाली हे ताडणारा हिशेब. त्यात गोंगाटाचा स्वभाव गृहीत धरावा लागतो, आणि इथे पुणे येते. तिथल्या आयसर या विज्ञान संस्थेत उमाकांत रापोल, एम. एस. संतानम आणि सहकाऱ्यांनी अतिथंड रुबिडियमवर मुद्दाम गोंगाट सोडला. त्याच्या दोन धक्क्यांमधले अंतर अत्यंत विषम ठेवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अशा गोंगाटात अणूंची क्वांटम सुसंगती नेहमीच्या घातांकी वेगाने नव्हे, त्याहून संथ ढळते.