सायकलवाले कोणते रस्ते टाळतात आणि का?



आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला सगळ्यांना पुढच्या गावच्या हायस्कुलात जावे लागते. एसटी आहे, पण ती कधी शाळेच्या वेळेवर येते, कधी येत नाही. म्हणून पुष्कळ मुले सायकलने जातात. माझी ताई सातवीत आहे, तीही सायकलने जाते. जूनपासून मी जाणार. म्हणून गुरुजी मला म्हणाले, "सायकलवाले कोणते रस्ते टाळतात ते तूच विचारून लिही." मी आमचे पाववाले काका, पोस्टमन काका, सायकल दुरुस्तीवाले काका, उरणचे मामा आणि ताई यांना विचारले. त्यांनी सांगितले ते आणि गुरुजींनी समजावले ते इथे लिहिले आहे.

सायकलला बंदी असलेले रस्ते

आपल्या रायगड जिल्ह्यात दोन मोठे रस्ते असे आहेत की तिथे सायकल न्यायलाच मनाई आहे. पहिला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तो आपल्या जिल्ह्यात कळंबोलीला सुरू होतो आणि घाट चढून पुण्याकडे जातो. २००२ साली तो पूर्ण झाला. तिथे सायकल, मोटारसायकल, रिक्षा, बैलगाडी काही चालत नाही. पायी जायलाही बंदी आहे. दुसरा रस्ता म्हणजे अटल सेतू. हा समुद्रावरचा पूल मुंबईच्या शिवडीपासून आपल्या जिल्ह्यात न्हावा-शेवापर्यंत आला आहे. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला. तिथेही दोन चाकांच्या गाडीला बंदी आहे.

मला आधी वाटले, सायकलवाल्यांवर हा अन्याय आहे. पण गुरुजी म्हणाले, तिथे गाड्या इतक्या वेगाने जातात की सायकल मध्ये आली तर कोणालाच सावरता येणार नाही. म्हणून सरकारने आधीच बंदी केली. बाकीच्या रस्त्यांवर बंदी नाही. तिथे आपले आपल्यालाच ठरवावे लागते.

बंदी नसूनही टाळतात ते रस्ते

यात पहिला नंबर मुंबई-गोवा महामार्गाचा. आजोबा अजून त्याला "१७ नंबर" म्हणतात, आता पाटीवर ६६ लिहिलेले असते. आपल्या जिल्ह्यात तो पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर असा जातो. पनवेलपासून इंदापूरपर्यंत रुंद करण्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि खूप वर्षे रखडले. एकीकडे नवा गुळगुळीत रस्ता, लगेच पुढे खड्डे, मग वळसा, असे किती वर्षे चालले. गणपतीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका. सगळे चाकरमानी एकदम गावी निघतात.

दुसरा रस्ता उरणचा. तिथे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदरातून मोठे लोखंडी कंटेनर ट्रेलरवर घालून नेतात. मोठा कंटेनर ४० फूट लांब असतो, म्हणजे १२ मीटर. मामा म्हणाले, "अगं, ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा पुढची चाकं लांबून फिरतात, पण मागची चाकं आत कापत येतात. तिथं सायकलवाला उभा असला की संपलं." ड्रायव्हर उंच बसलेला असतो. डाव्या अंगाला खेटून उभी असलेली सायकल त्याला आरशातही दिसत नाही. म्हणून मोठ्या गाडीच्या डावीकडे कधीही घुसू नये.

तिसरा रस्ता वडखळ ते अलिबाग. पोयनाड, कार्लेखिंड अशी ही वाट आहे. अलिबागला गाडीने येणारे पुष्कळ लोक इकडूनच येतात. कार्लेखिंडीत चढण आहे आणि वळणे आहेत. चढताना सायकल हळू होते आणि डुलते, उतरताना नको तितकी पळते. दोन्ही वेळा मागच्या गाडीला घाई असते.

आता आपला रस्ता

आपला अलिबाग-रेवदंडा रस्ता आक्षी, नागाव, चौल असा वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, सावली आणि घरांची कुंपणे. पाहुण्यांना तो फार आवडतो. पण कुंपण अगदी रस्त्याला लागून असल्यामुळे बाजूला व्हायला जागाच नाही. समोरून एसटी आणि मागून मिनिडोर आली की सायकलवाल्याने जायचे कुठे?

हा रस्ता रोज सारखाच नसतो. सोमवार ते गुरुवार तो आपला असतो. शनिवार-रविवार तो पाहुण्यांचा असतो. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते. तिच्यातून मोटारी थेट आपल्या तालुक्यात उतरतात. शनिवारी आमच्या व्हरांड्यात बसून मी गाड्या मोजायला लागले, तर बोटे संपली आणि मोजणी सोडून दिली. शनिवारी शाळा सकाळची असते. नेमकी गर्दी सुरू होते तेव्हाच आपण घरी यायला निघतो.

पाववाले काका म्हणाले, "पोरी, शनवार-रविवार मी मेन रोडला जातच नाही. आळीआळीतून जातो. दोन पाव कमी खपले तरी चालतील."

धोका कशामुळे होतो?

१. वेग : गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. मोटार तासाला ६० किलोमीटर जात असेल तर एका सेकंदात किती जाईल? उत्तर आले साधारण १७ मीटर. आम्ही टेपने शाळेचा व्हरांडा मोजला, तो १६ मीटर भरला. म्हणजे ड्रायव्हरला आपण दिसलो आणि त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागला, तरी अख्खा व्हरांडा संपला! ब्रेक त्याच्यानंतर लागतो. ताईची सायकल तासाला १२ किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला तीन मीटर आणि थोडे. मोटार १०० मीटर मागे असली तरी सात-आठ सेकंदांत ती सायकलला गाठते.

२. साईडपट्टी : हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दरवेळी जुन्या डांबरावर नवे डांबर घालतात, म्हणून रस्ता उंच होत जातो. बाजूची माती पावसात वाहून जाते. मग डांबराची कड आणि माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. मागून हॉर्न वाजला की आपण घाबरून खाली उतरतो. लगेच वर चढायला गेलो की चाक कडेला घासते, वर चढत नाही आणि हँडल फिरते. मग माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो, म्हणजे नेमका गाडीपुढे. दुरुस्तीवाले काका म्हणतात, "खाली उतरलात तर तिथेच थांबा. सायकल हातात धरून वर चढा."

३. वारा : एसटी जोरात गेली की फाटकाजवळचा पाचोळा आधी बाहेर उडतो आणि मग गाडीच्या मागे धावतो. तुम्ही बघा. पाचोळ्याला होते तेच सायकलला होते. मोठी गाडी हवा ढकलत येते आणि गेल्यावर ओढून नेते. म्हणून ती जवळून गेली की सायकल आधी बाहेर आणि मग आत हेलपाटते. रेवदंडा ते साळाव या खाडीवरच्या पुलावर समुद्राचा वाराही असतो.

४. पाऊस : खड्ड्यात पाणी साचले की तो बशीएवढा खोल आहे का घमेल्याएवढा, हे कळत नाही. आणखी एक गोष्ट आहे. ब्रेकचे रबर चाकाच्या रिमला घासून चाक थांबवते. रिम ओली झाली की मध्ये पाणी येते आणि रबर नुसते सरकते. म्हणून पावसात ब्रेक हलका हलका आधीपासून दाबत राहावे. त्याने पाणी पुसले जाते.

५. अंधार : संध्याकाळी समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात. सायकलला मागे लाल चकती नसेल तर मागच्याला आपण दिसतच नाही.

मग जायचे कुठून?

मोठी माणसेसुद्धा रस्ता टाळतात. मुंबईहून हेल्मेट घातलेले सायकलवाले आपल्याकडे येतात. ते महामार्गाने न येता सायकल बोटीत घालून मांडव्याला उतरतात. काही तर असेच किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जातात. खाडी आली की सायकल फेरीबोटीत चढवायची. आगरदांडा ते दिघी एक बोट, पुढे श्रीवर्धन तालुक्यात बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी, तिथे रत्नागिरी जिल्हा लागतो. वाट लांब पडते, चढउतारही पुष्कळ, पण ट्रेलर मागे लागत नाही.

आपल्या गावातून हायस्कुलात जायला मी तीन वाटा शोधल्या.

पहिली वाट खाजणाच्या बांधावरून. ही सर्वांत चांगली. गाडी नाही, हॉर्न नाही, बगळे दिसतात. पण पावसात बांध निसरडा होतो आणि शाळा तर जूनमध्येच सुरू होते.

दुसरी वाट पुळणीवरून. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू कडक असते, तिच्यावर सायकल छान पळते. पण ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे जाते. शाळेची घंटा काही पुढे जात नाही! उधाणाला तर पुळण उरतच नाही. शिवाय खाऱ्या पाण्याने चेन गंजते. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "पुळणीवरून आलीस तर गोड्या पाण्यानं धू, पूस आणि तेल घाल."

तिसरी वाट वाड्यांच्या मधल्या आळीतून. ती बारमाही आहे. पण ती देवळापाशी संपते. तिथून हायस्कूलच्या फाट्यापर्यंत पाऊण किलोमीटर मोठ्या रस्त्यानेच जावे लागते. दुसरा इलाजच नाही. ताईला एवढ्याला चार मिनिटे लागतात. आजी म्हणते, ती चार मिनिटे माझा जीव टांगलेला असतो.

म्हणून हा लेख मी मुद्दाम पालकांसाठीही लिहिला आहे. बाकीचे वाईट रस्ते टाळता येतात. हा पाऊण किलोमीटर टाळता येत नाही. आमच्या वर्गातल्या दोघींच्या घरी अजून ठरलेले नाही की त्यांना पाचवीला पाठवायचे की नाही. त्यांचे बाबा म्हणतात, रस्ता वाईट आहे. त्यांचे खरेच आहे. पण रस्ता वाईट असेल तर रस्ता नीट करायला पाहिजे, शाळा कशाला सोडायची?

गुरुजींनी आम्हाला नेदरलँड देशाची गोष्ट सांगितली. त्याला हॉलंडही म्हणतात. तो देशही आपल्या खारजमिनीसारखा बांध घालून समुद्रापासून राखलेला आहे. तिथे १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसे गेली. त्यांत ४०० हून जास्त मुले होती. तेव्हा आईबाप आणि मुले रस्त्यावर आली आणि म्हणाली, आमच्या मुलांना वाचवा. मग हळूहळू तिथे मोठ्या रस्त्याच्या शेजारी सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. आता तिथली मुले आपली आपण सायकलने शाळेत जातात. त्यांनी सायकल सोडली नाही, रस्ता बदलला.

आपल्याला तेवढे मोठे काही नको. देवळापासून फाट्यापर्यंत साईडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीने करावी. देवळापाशी आणि फाट्यावर गतिरोधक आणि "पुढे शाळा आहे" अशी पाटी लावावी. पालकांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि ग्रामपंचायतीने बांधकाम खात्याला अर्ज द्यावा. अर्ज मोठ्या माणसांनीच द्यावा लागतो, नाहीतर मीच लिहिला असता.

तोपर्यंत आपण हे पाळू या :

- सायकल डाव्या बाजूने चालवावी. पायी चालताना मात्र उजव्या बाजूने चालावे, म्हणजे समोरची गाडी दिसते.
- एकामागे एक जावे. गप्पा मारत जोडीने जाऊ नये.
- वळण्याआधी मागे बघावे, हात दाखवावा, मग वळावे.
- मोठी गाडी मागून आली आणि जागा कमी असली तर उतरून उभे राहावे. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.
- मागे लाल चकती लावावी. दोन्ही ब्रेक निघण्याआधी दाबून बघावे.
- शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच जणांनी मिळून निघावे, मोठा मुलगा किंवा मुलगी सर्वांत मागे.

तुम्हाला आणखी एखादी चांगली वाट माहीत असेल तर कागदावर लिहून गुरुजींकडे द्या. पुढच्या महिन्यात या लेखाच्या बाजूला आपण गावाचा नकाशा लावणार आहोत. त्यात चांगल्या वाटा हिरव्या आणि टाळायच्या वाटा लाल रंगाने दाखवू. देवळापासून फाट्यापर्यंतचा तुकडा आत्ता लाल असेल. तो हिरवा करायचे काम पालकांचे आहे.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी